दहापैकी किती? स्वादुपिंडाचा दाह आणि सीटी स्कॅनचे गुण

परीक्षेत गुण जितके जास्त तितका आनंद जास्त, हे आमच्या विद्यार्थी मित्रांना वेगळे सांगायला नको. मात्र दहापैकी गुण देण्याची एक पद्धत अशीही आहे, की शून्य मिळाले तर सगळ्या घराचा जीव भांड्यात पडतो आणि आठ-नऊ मिळाले तर घरातल्यांच्या तोंडचे पाणी पळते. ही परीक्षा घेतो सीटी स्कॅन आणि परीक्षेला बसलेले असते आपल्या पोटातले स्वादुपिंड.

स्वादुपिंडाला अचानक सूज येण्याच्या विकाराला डॉक्टर 'ॲक्यूट पॅन्क्रियाटायटिस' म्हणतात. मराठीत त्याला स्वादुपिंडाचा तीव्र दाह म्हणता येईल. रुग्णाचा रिपोर्ट हाती येतो, त्यावर 'ग्रेड ई, सीटीएसआय ८' असे काहीतरी लिहिलेले असते आणि मग घरात, फोनवर, नातेवाइकांत तर्कवितर्क सुरू होतात. पहिल्या दिवशीचा स्कॅन बरा होता आणि पाचव्या दिवशीचा वाईट आला, तर खरा कोणता? पहिल्याच दिवशी स्कॅन का केला नाही? रुग्णाला लगेच दिल्लीला हलवावे का? पालकवर्गातून असे प्रश्न येत असतात, म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे. एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवतो. या गुणांना तारीख असते. दुखणे सुरू झाल्यापासून किती तासांनी स्कॅन झाला हे ठाऊक नसेल, तर नुसत्या आकड्याचा नीट अर्थ लागत नाही.

जठरामागे दडलेला अवयव

आपल्या मध्य प्रदेशातील हिंदी पाठ्यपुस्तकांत स्वादुपिंडाला 'अग्न्याशय' म्हणतात. नावे दोन, अवयव एकच. तो जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवा असतो. लांबी साधारण १५ सेंटीमीटर, म्हणजे कंपासपेटीतल्या पट्टीएवढी, आणि वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. त्याचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेले असते आणि शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत गेलेली असते.

या अवयवाची कामे दोन. एक, इन्सुलिनसारखी संप्रेरके रक्तात सोडून साखरेवर ताबा ठेवणे. दुसरे, पाचक रस तयार करणे. दिवसाला साधारण दीड लिटर रस तयार होतो आणि नलिकेवाटे लहान आतड्यात जातो. त्यातली विकरे डाळीतली प्रथिने, तुपातले स्निग्ध पदार्थ आणि पोळीतले पिष्ट यांचे तुकडे करतात.

आता विद्यार्थ्यांच्या मनात एक प्रश्न यायला हवा. प्रथिने विरघळवणारा रस ज्या पिंडात तयार होतो, तो पिंडही प्रथिनांचाच बनलेला आहे. मग तो स्वतःच कसा पचून जात नाही? त्याचे उत्तर असे, की घरात तलवार म्यानात असते आणि रणांगणावरच उपसली जाते. स्वादुपिंडातून निघताना हे विकर 'ट्रिप्सिनोजेन' या निष्क्रिय रूपात असते. लहान आतड्यात पोचल्यावर त्याचे 'ट्रिप्सिन' होते आणि मगच ते कामाला लागते. काही कारणाने तलवार घरातच उपसली गेली, म्हणजे विकरे पिंडातच जागी झाली, तर पिंड स्वतःलाच पचवू लागतो. प्रागमधील विकृतिशास्त्रज्ञ हान्स किआरी यांनी १८९६ मध्ये हा विचार मांडला आणि आजही या विकाराची उकल त्याच पायावर केली जाते.

हे घडण्याची दोन सर्वांत मोठी कारणे म्हणजे पित्ताशयातील खडे आणि दारू. छोटासा खडा घसरत खाली येतो आणि पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका जेथे एकत्र आतड्यात उघडतात, त्या तोंडाशी अडकतो. रक्तातील ट्रायग्लिसराइड्स हजारावर गेले, काही विशिष्ट औषधे मानवली नाहीत किंवा पोटाला मार लागला, तरी दाह होऊ शकतो. मुलांच्या बाबतीत हे शेवटचे कारण महत्त्वाचे आहे. सायकलवरून पडताना हँडलचे टोक पोटात घुसले, तर स्वादुपिंड हँडल आणि कणा यांच्यामध्ये चेंगरते. बाहेरून नुसता वळ दिसतो. त्यामुळे असा मार लागल्यावर पोट दुखत राहिले किंवा उलट्या झाल्या, तर मुलांनी घरी लपवून ठेवू नये.

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे मार्च २०१९ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले. तेव्हापासून या अवयवाचे नाव निघाले की अनेकांच्या मनात कर्करोगाचीच शंका येते. कर्करोग आणि तीव्र दाह हे दोन वेगळे विकार आहेत. दाह झालेल्या बहुसंख्य रुग्णांना कर्करोग नसतो. पाचांपैकी साधारण चौघांचा दाह सौम्य असतो आणि आठवड्याभरात आटोक्यात येतो. पाचवा कोण, हे लवकर ओळखण्यासाठीच ही सारी प्रतवारी आहे.

निदान वेगळे, प्रतवारी वेगळी

या दोन गोष्टींची गल्लत होते आणि तिथूनच बरेच गैरसमज सुरू होतात. 'हा स्वादुपिंडाचाच दाह आहे का?' हे निदान. 'तो किती गंभीर आहे?' ही प्रतवारी.

निदानासाठी तीन खुणा मानल्या जातात. पहिली, वरच्या पोटात अचानक उठणारी, बऱ्याचदा पाठीत जाणारी तीव्र कळ. दुसरी, रक्तातील लायपेज किंवा अमायलेज या विकरांचे प्रमाण नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा अधिक असणे. तिसरी, सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयवर दाह दिसणे. तिन्हींपैकी कोणत्याही दोन जुळल्या की निदान झाले. म्हणजे कळ आणि रक्ततपासणी या दोन गोष्टी स्पष्ट असतील, तर निदानासाठी सीटी लागतच नाही. खडे आहेत का हे पाहण्यासाठी सोनोग्राफी मात्र लवकर करतात. त्यात किरणोत्सर्ग नसतो आणि खर्चही कमी येतो.

लायपेजच्या आकड्याबद्दलही एक सांगितले पाहिजे. तो तीनशे आहे की तीन हजार, यावरून आजाराची तीव्रता ठरत नाही. तो फक्त दाह झाल्याचे सांगतो. तीव्रता मोजायला वेगळी मोजपट्टी लागते.

पोट न उघडता आत पाहणे

आपल्या लष्करातील जयारोग्य रुग्णालय १८९९ साली, माधवराव शिंदे महाराजांच्या कारकिर्दीत सुरू झाले. त्याच्या दहाच वर्षे आधी, १८८९ मध्ये, बोस्टनच्या डॉ. रेजिनाल्ड फिट्झ यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले होते. चार वर्षे आधी, नोव्हेंबर १८९५ मध्ये, जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला होता. तरीही त्या काळी जगातल्या कोणत्याही रुग्णालयात पोट उघडल्याशिवाय जिवंत माणसाचे स्वादुपिंड पाहता येत नव्हते. १९४६ मध्ये गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हाही परिस्थिती तीच होती. नाडी, ताप, रक्तदाब, पोटाचा ताठरपणा आणि डॉक्टरांचा अनुभव यांवरच सारी भिस्त होती.

साध्या क्ष-किरण चित्राची अडचण अशी, की ती एक सपाट सावली असते. भिंतीवर सावली पडली तर हात पुढे आहे की मागे हे कळत नाही. तसेच त्या चित्रात जठर, आतडी, स्वादुपिंड आणि कणा एकावर एक येतात. हाडे ठळक दिसतात, पण मऊ अवयव एकमेकांत मिसळून जातात.

यावर तोडगा काढला इंग्लंडमधील अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. ते 'ईएमआय' या कंपनीत काम करत. याच समूहाच्या 'एचएमव्ही' तबकड्यांवर आपल्या आजी-आजोबांनी नाट्यसंगीत ऐकले आहे! १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. या शोधासाठी हाउन्सफील्ड आणि त्याचे गणित स्वतंत्रपणे मांडणारे ॲलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

सीटीची कल्पना समजून घ्यायला आठवीचे बीजगणित पुरते. चार चौकोन घ्या. वरच्या ओळीत 'अ' आणि 'ब', खालच्या ओळीत 'क' आणि 'ड'. प्रत्येकात एक संख्या लपलेली आहे. तुम्हाला फक्त बेरजा सांगितल्या आहेत. वरची आडवी ओळ ८, डावा उभा स्तंभ ७, 'अ' ते 'ड' हा तिरपा कर्ण १२ आणि 'ब' ते 'क' हा दुसरा कर्ण ५. ओळ आणि स्तंभ यांची बेरीज १५. त्यातून दुसरा कर्ण, म्हणजे ५ वजा केले की १० उरतात, आणि ते 'अ'च्या दुप्पट असतात. म्हणून अ ५, ब ३, क २ आणि ड ७. चौकोन न उघडता आतल्या संख्या कळल्या! सीटी यंत्र हेच करते. शरीराभोवती फिरत ते अनेक दिशांनी किरण पाठवते, प्रत्येक किरण किती अडला याची बेरीज घेते आणि संगणक लाखो चौकोनांची उत्तरे शोधून काढतो.

अळूवडीचा उंडा बाहेरून नुसता हिरवा दिसतो, पण कापून चकत्या केल्या की आतले प्रत्येक वळण दिसते. सीटी शरीराच्या अशाच चकत्या दाखवतो, सुरी न लावता. त्यातील प्रत्येक ठिपक्याला एक अंक असतो आणि त्या एककाला हाउन्सफील्ड यांचेच नाव दिले आहे. पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे १०००, चरबी उणे शंभराच्या आसपास आणि घट्ट हाड अधिक १००० च्या घरात.

स्वादुपिंडासाठी आणखी एक युक्ती लागते. रुग्णाच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव देतात आणि मिनिटभराच्या आत चित्रे घेतात. साध्या स्कॅनमध्ये निरोगी पिंडाचा अंक चाळिशीच्या आसपास असतो. हा द्रव रक्ताबरोबर पोचला की तो शंभराच्या वर जातो आणि पिंड उजळतो. ज्या भागाचा रक्तपुरवठा तुटला आहे तेथे द्रव पोचतच नाही. तो भाग काळसर राहतो आणि त्याचा अंक तिसाच्या वर जात नाही. दिवाळीत सगळी आळी उजळलेली असताना एखादे घर अंधारात दिसावे, तसा हा मृत भाग ओळखू येतो.

गुण कसे देतात?

१९८५ मध्ये न्यूयॉर्कचे क्ष-किरणतज्ज्ञ डॉ. एमिल बाल्थाझार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीवर दिसणाऱ्या दाहाच्या पाच पायऱ्या ठरवल्या.

ग्रेड ए: स्वादुपिंड नेहमीसारखे दिसते. गुण ०.
ग्रेड बी: पिंड पूर्ण किंवा काही भागात सुजलेला. गुण १.
ग्रेड सी: सूज आहे आणि भोवतालच्या चरबीतही दाह पसरला आहे. गुण २.
ग्रेड डी: एका ठिकाणी द्रव साठला आहे. गुण ३.
ग्रेड ई: दोन किंवा अधिक ठिकाणी द्रव साठला आहे, किंवा पिंडात अथवा त्याच्या शेजारी वायूचे बुडबुडे दिसतात. गुण ४.

ही प्रतवारी भोवतालचा पसारा सांगत होती, पण पिंडाचा किती भाग मेला हे सांगत नव्हती. म्हणून १९९० मध्ये त्याच गटाने दुसरा भाग जोडला. मृत भाग अजिबात नसेल तर ०, पिंडाच्या ३० टक्क्यांपर्यंत असेल तर २, ३० ते ५० टक्के असेल तर ४ आणि निम्म्याहून अधिक असेल तर ६ गुण. दोन्हींची बेरीज म्हणजे 'सीटी तीव्रता निर्देशांक'. रिपोर्टवर त्याचीच आद्याक्षरे 'सीटीएसआय' अशी असतात. किमान ०, कमाल १०.

एक उदाहरण सोडवू. स्कॅनमध्ये दोन ठिकाणी द्रव साठलेला आहे आणि पिंडाचा ४० टक्के भाग काळसर आहे. पहिल्या भागाचे ४, दुसऱ्या भागाचे ४, एकूण ८. रिपोर्टवरचा 'ग्रेड ई, सीटीएसआय ८' तो हाच.

१९९० च्या त्या अभ्यासात ८८ रुग्ण होते. ० ते ३ गुण असलेल्यांपैकी ८ टक्के रुग्णांत गुंतागुंत झाली आणि ३ टक्के दगावले. ४ ते ६ गुणांच्या गटात हे प्रमाण ३५ आणि ६ टक्के होते. ७ ते १० गुणांच्या गटात ९२ आणि १७ टक्के. हे आकडे पाहून कोणी धीर सोडू नये. ते एका रुग्णालयातल्या मोजक्या रुग्णांचे आहेत आणि त्याला आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. शिवाय सर्वांत गंभीर गटातही त्या काळी सहापैकी साधारण पाच जण वाचले, हेही त्याच आकड्यांतून दिसते.

२००४ मध्ये या पद्धतीची सुटसुटीत आवृत्ती आली. तिच्यात दाहाला ०, २ किंवा ४ आणि मृत भागाला ०, २ किंवा ४ गुण देतात. छातीत पाणी, रक्तवाहिनीत गुठळी असे पिंडाबाहेरचे काही आढळले तर आणखी २. वरच्याच रुग्णाच्या छातीत पाणी झाले असेल, तर या नव्या पद्धतीने त्याचे गुण ४, ४ आणि २ मिळून १० होतात. जुन्या पद्धतीने तोच रुग्ण ८ वर असतो. दोन ठिकाणचे रिपोर्ट शेजारी ठेवून 'आठाचे दहा झाले, म्हणजे दुखणे वाढले' असा निष्कर्ष काढण्यापूर्वी कोणती पद्धत वापरली आहे हे पाहावे. सुधारित पद्धतीच्या रिपोर्टवर बहुधा 'मॉडिफाइड' असा शब्द असतो.

पण स्कॅन कोणत्या दिवशी?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पिंडाचा भाग एका क्षणात मरत नाही. रक्तपुरवठा मंदावतो, काही भाग तग धरतो, काही हळूहळू मरतो आणि मेलेल्या व जिवंत भागाची सीमा स्पष्ट व्हायला तीन दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. पहिल्या दिवशी घेतलेल्या स्कॅनमध्ये पिंड नुसता सुजलेला दिसेल, रिपोर्टवर 'ग्रेड बी' किंवा 'सी' येईल आणि घरचे निर्धास्त होतील. पाचव्या दिवशी त्याच पिंडाचा तिसरा हिस्सा काळा दिसेल. पहिला रिपोर्ट चुकीचा नव्हता. जे त्या वेळी दिसण्यासारखे होते, ते त्याने दाखवले.

म्हणून प्रतवारीसाठी सीटी करायचाच असेल, तर तो दुखणे सुरू झाल्यापासून किमान ७२ ते ९६ तासांनंतर करावा, असा आजचा सर्वसाधारण संकेत आहे. येथे तास मोजायचे ते कळ सुरू झाल्यापासून, रुग्णालयात भरती झाल्यापासून नव्हे. दोन दिवस 'ॲसिडिटी असेल' म्हणून सोडा किंवा ओव्याचा अर्क घेऊन काढले असतील, तर भरतीच्या वेळी ४८ तास आधीच उलटून गेलेले असतात. ही गोष्ट घरच्यांनी सांगितल्यावाचून डॉक्टरांना कळत नाही.

पहिल्या दिवशी सीटी कधीच करू नये असे मात्र नाही. निदानच संशयास्पद असेल, जठराला किंवा आतड्याला छिद्र पडल्याची शंका असेल, आतड्याचा रक्तपुरवठा तुटला असावा असे वाटत असेल, अपघातात पोटाला मार लागला असेल किंवा रुग्णाची प्रकृती झपाट्याने ढासळत असेल, तर डॉक्टर लगेच स्कॅन करतात. तो निदानासाठी असतो. त्या स्कॅनमधले गुण अंतिम मानायचे नाहीत.

गुण म्हणजे निकाल नव्हे

सीटी स्वादुपिंडाची अवस्था सांगतो. रुग्णाची अवस्था सांगायला रुग्णाकडेच पाहावे लागते. सीटीवरची ही प्रतवारी येण्याआधीच, १९७४ मध्ये, न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक डॉ. जॉन रॅन्सन यांनी अकरा खुणांची यादी केली होती. त्यातील पाच भरतीच्या वेळी आणि सहा पुढच्या ४८ तासांत तपासायच्या. वय, पांढऱ्या पेशी, साखर, कॅल्शियम, युरिया अशा त्या साध्या गोष्टी होत्या. अशा खाटेजवळच्या मोजण्या आजही कालबाह्य झालेल्या नाहीत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात असे दिसले, की भरतीच्या दिवशी केलेली सीटीची प्रतवारी या मोजण्यांपेक्षा सरस ठरत नाही.

त्याच वर्षी 'अटलांटा वर्गीकरणा'ची सुधारित आवृत्ती आली. त्यानुसार दाह किती गंभीर हे ठरवताना पहिला मान इतर अवयवांचा आहे. फुफ्फुसे, रक्ताभिसरण आणि मूत्रपिंडे नीट काम करत असतील आणि स्थानिक गुंतागुंत नसेल, तर दाह सौम्य. एखादा अवयव कोलमडला पण ४८ तासांच्या आत सावरला, किंवा द्रव साठणे, पिंडाचा भाग मरणे अशी गुंतागुंत झाली, तर मध्यम गंभीर. अवयव ४८ तासांनंतरही सावरला नाही, तर गंभीर.

यातून दोन गोष्टी निघतात. रिपोर्टवर ८ गुण असूनही रुग्ण बोलत असेल, लघवी नीट होत असेल, श्वास सुरळीत असेल, तर धीर धरण्यास जागा आहे. उलट पहिल्या दिवशीच्या स्कॅनवर २ गुण आहेत, पण लघवी कमी झाली, धाप लागली, रुग्ण बरळू लागला, तर तो कागद बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांना गाठावे.

स्कॅनचीही किंमत असते

येथे आम्ही पैशांबद्दल बोलत नाही. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारण ८ ते १० मिलीसीव्हर्ट इतका किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलीसीव्हर्ट मिळतो. म्हणजे एका स्कॅनमध्ये तीन-चार वर्षांचा हिशेब एकदम येतो. गरज असेल तेव्हा हा धोका पत्करण्यासारखा आहे, पण 'मनाचे समाधान' म्हणून दर दोन दिवसांनी स्कॅनचा आग्रह धरणे योग्य नव्हे. लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या बाबतीत शक्यतो सोनोग्राफी किंवा एमआरआयचा विचार आधी होतो.

शिरेतून देण्याच्या द्रवाचीही पथ्ये आहेत. पूर्वी अशा द्रवाने अंगावर गांधी उठल्या असतील, दमा असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर स्कॅनपूर्वी सांगावे. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले असेल, तर डॉक्टर स्कॅन पुढे ढकलू शकतात. त्याला टाळाटाळ समजू नये.

जास्त गुण आले, मग पुढे काय?

पूर्वी मृत भाग दिसला की पोट उघडून तो काढून टाकण्याकडे कल होता. आता धोरण बदलले आहे. २०१० मध्ये नेदरलँड्समधील एका मोठ्या चाचणीत रुग्णांवर टप्प्याटप्प्याने उपचार केले. आधी फक्त नळी घालून दूषित द्रव काढायचा आणि तेवढ्याने भागले नाही तरच पुढची शस्त्रक्रिया करायची. तिसऱ्या हिश्शाहून अधिक रुग्णांचे नळीवरच भागले. मृत भागाभोवती घट्ट आवरण तयार व्हायला साधारण चार आठवडे लागतात, म्हणून शक्य असेल तेथे तोवर थांबतात. 'डॉक्टर नुसते बघत बसले आहेत' असे नातेवाइकांना वाटते, पण हे थांबणे हाही उपचाराचाच भाग असतो.

सुरुवातीच्या उपचारातही बदल झाले आहेत. सलाईन लागते, पण भरमसाट दिल्याने फायदा न होता शरीरात पाणी साचते, असे २०२२ मधील एका आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले. पूर्वी दिवसेंदिवस उपाशी ठेवत. आता झेपेल तसे लवकर खाणे सुरू करतात किंवा नळीवाटे अन्न देतात. जंतुसंसर्गाची खूण नसेल तर प्रतिजैविके उगाच देत नाहीत. पित्तखड्यांमुळे सौम्य दाह झाला असेल, तर घरी सोडण्यापूर्वीच पित्ताशय काढण्याचा सल्ला दिला जातो. आणि दारू हे कारण असेल, तर ती पूर्ण बंद करणे याहून मोठे औषध नाही.

पालकांनी लक्षात ठेवावे

१. वरच्या पोटात असह्य कळ, ती पाठीत जाणे आणि थांबत नसलेल्या उलट्या ही घरगुती उपायांची वेळ नव्हे. हृदयविकाराचे दुखणेही असेच भासू शकते. रुग्णालय गाठावे.

२. कळ केव्हा सुरू झाली ती तारीख आणि वेळ कागदावर लिहून डॉक्टरांना द्यावी. चालू औषधांची यादीही द्यावी.

३. 'स्कॅन करा' असा आग्रह धरण्यापूर्वी 'आत्ताच्या स्कॅनने उपचारात काय फरक पडेल?' हे विचारावे.

४. रिपोर्ट वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात: दुखण्याचा कितवा दिवस, गुणांची कोणती पद्धत, आणि शिरेतून द्रव देऊन स्कॅन केला होता का. द्रवाशिवाय केलेल्या स्कॅनमध्ये मृत भाग नीट ओळखता येत नाही.

५. दिल्ली येथून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर आहे. रुग्णाला हलवायचे की नाही हे सीटीएसआयच्या आकड्यावर एकट्याने ठरत नाही. रक्तदाब, श्वास आणि लघवी सावरल्याशिवाय इतका प्रवास धोक्याचा. हलवायचे ठरलेच, तर फक्त छापील रिपोर्ट नेऊ नये, स्कॅनची सीडीही बरोबर द्यावी. मूळ चित्रे पाहून तेथील तज्ज्ञ स्वतः गुण देऊ शकतात.

हा लेख माहितीसाठी आहे. उपचाराचा निर्णय रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. पण त्यांना लागणारी एक माहिती कोणत्याही यंत्रातून मिळत नाही, ती फक्त घरच्यांकडे असते, आणि ती म्हणजे दुखणे नेमके केव्हा सुरू झाले. घड्याळाकडे पाहून ती वेळ वहीच्या पानावर टिपून ठेवायला मोठे शिक्षण लागत नाही. आपल्या शाळेतला पाचवीचा विद्यार्थीही ते काम चोख करू शकेल.